लेखकांचे आश्रयदाते : संत फ्रान्सिस डी सेल्स

प्रस्तुत स्मरणिकेसाठीं धर्मग्रामांतील मंडळींकडून लेख मागविले, तेव्हां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मंडप घालावयास, गायन बसवावयास, वर्गणी जमवावयास आणि आल्यागेल्याचें जेवणखाण पाहावयास माणसें आपण होऊन पुढें आलीं. पण लेखणी हातीं घ्या असें म्हणतांच भले भले मागें सरले. कोणीं आपलें शिक्षण बेताचें असल्याचें सांगितलें, कोणीं घरची बोली निराळी असून पुस्तकी मराठी आपणांस साधत नाहीं असें म्हटलें, तर एका सुविद्य तरुणानें आपलें लिखाण चार वर्षें पेटींत पडून आहे, तें दाखवावें तरी कोणास, असा प्रश्न आम्हांसच उलट विचारला. प्रश्न खरा आहे. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एका चरित्रानें द्यावें असें आम्हांस वाटतें, आणि तें चरित्र जिनीव्हाचे महागुरुस्वामी संत फ्रान्सिस डी सेल्स यांचें. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं १९२३ सालीं त्यांस कॅथलिक लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ते दुसऱ्यांस लिहितें करणारे होते, आणि स्वतःही दुसऱ्याच्या आग्रहानेंच ग्रंथकार झाले, ही त्यांच्या चरित्राची बाजू आपल्या लोकांत फारशी सांगितली जात नाहीं. म्हणून तिच्यावरच आम्ही अधिक वेळ रेंगाळणार आहों.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं साव्हॉय संस्थानांतील थोरेन्स गांवाजवळच्या सेल्स गढींत झाला. साव्हॉय म्हणजे आल्प्स पर्वताच्या कुशींत वसलेला मुलूख. त्याचा हा भाग आज फ्रान्स देशांत मोडतो. वडील सरदार होते, व ज्येष्ठ पुत्रानें कायदा शिकून राज्याच्या वरिष्ठ न्यायसभेंत बसावें अशी त्यांची उमेद होती. त्याप्रमाणें पॅरिस येथें जेजुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत व पुढें इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत मुलाचें शिक्षण झालें. पॅरिसमध्यें असतां, ऐन तारुण्यांत, आपला उद्धार होणें नाहीं अशा भयानें त्यांस कित्येक आठवडे ग्रासलें. अन्न गोड लागेना, झोंप येईना. अखेर एका देवळांत पवित्र मरियामातेच्या मूर्तीपुढें गुडघे टेकले असतां तें ओझें उतरलें. ही हकीकत येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, पुढें त्यांनीं जें जें लिहिलें त्यांत भ्यालेल्या माणसाशीं बोलण्याची जी हातोटी दिसते, तिचें मूळ आम्हांस या दिवसांत दिसतें. १५९१ सालीं ते पादुआ येथें कायद्याचे पंडित झाले व नंतर घरीं परतले. वडिलांची संमति कशीबशी मिळवून १८ डिसेंबर १५९३ रोजीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली.

जिनीव्हा सरोवराच्या दक्षिण कांठीं शाब्ले नांवाचा प्रांत आहे. १५३६ सालीं बर्नच्या लोकांनीं तो जिंकून तेथें नवें मत सुरू केलें होतें. पुढें प्रांत साव्हॉयच्या ड्यूककडे परत आला, तरी मधल्या काळांत एक सबंध पिढी त्या मतांत वाढलेली होती, आणि थोनों या मुख्य गांवीं कॅथलिक माणसें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं होतीं. १५९४ च्या सप्टेंबर महिन्यांत फ्रान्सिस हे आपले चुलत बंधु लुई यांसह या प्रांतांत शिरले. मुक्काम आलँजच्या टेकडीवरील किल्ल्यांत, शिबंदीच्या आश्रयानें. तेथून रोज पायीं थोनोंस जावयाचें, प्रवचन करावयाचें, आणि अंधार पडण्यापूर्वीं परतावयाचें. थंडीनें पाय फुटले. एकदां रात्रीं लांडग्यांच्या भयानें झाडावर बसून राहावें लागलें असें चरित्रकार सांगतात. हीं संकटें एक वेळ सोसतां येतात. पण ऐकावयास माणूसच नसणें हें प्रवचनकारास फार जड जातें. गांवच्या पुढाऱ्यांनीं लोकांस त्यांच्या प्रवचनास जाण्याची बंदी केली होती. रिकाम्या देवळांत चार माणसांपुढें बोलून दोघे बंधु परत फिरत.

१५९५ च्या आरंभीं फ्रान्सिस यांनीं निराळा मार्ग धरला. तोंडानें सांगावयाचें तें ते सुट्या कागदांवर लिहूं लागले, त्यांच्या नकला करवूं लागले, आणि तीं पानें गांवांत घरोघर पोंचवूं लागले. कित्येक पानें दारांच्या फटींतून आंत सरकविलीं जात, असें परंपरेनें सांगतात. देवळांत कोण गेलें हें शेजाऱ्यास दिसतें; पण रात्रीं दार लावून दिव्यापाशीं कागद वाचणारा कोणास दिसत नाहीं, हें त्या तरुण पाद्र्यानें ओळखलें. लिखाणाचा आरंभच थोनोंच्या नागरिकांस आदरपूर्वक संबोधून केलेला आहे. तुम्ही ऐकावयास येत नाहीं म्हणून मीच लिहून पाठवितों, असा त्याचा आशय. भाषा लॅटिन नसून लोकांची फ्रेंच, मांडणी वकिलासारखी नेटकी, आणि शिवीगाळ नाहीं. त्या काळचे वादग्रंथ दोन्ही पक्षांकडून कसे लिहिले जात हें ज्यांस माहीत आहे, त्यांस या शेवटच्या गोष्टीचें मोल कळेल. हीं पानें त्यांच्या हयातींत ग्रंथरूपानें निघालीं नाहींत. १६७२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनीं, तीं पुस्तकाच्या रूपानें प्रथम छापलीं गेलीं.

१५९८ सालापर्यंत तो प्रांत बहुतांशीं कॅथलिक धर्माकडे परत आला. शेवटीं शेवटीं ड्यूकच्या राजसत्तेनेंही आपला जोर लाविला, हें आज लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि संतांच्या गौरवास त्यामुळें बाधही येत नाहीं. आमच्या विषयापुरतें पाहावयाचें तें एवढेंच, कीं ड्यूकचे शिपाई येण्यापूर्वीं दोनतीन वर्षें त्या गांवांत जो कोणी हलला तो कागदावरील शब्दानें हलला. लिहिण्याची ताकद किती, हें फ्रान्सिस यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

त्या एकाकी दिवसांत त्यांस धीर देणारा एक मनुष्य होता. त्याचें नांव आंतुआन फाव्र. हे गृहस्थ संसारी, मुलाबाळांचे धनी, व कायद्याचे मोठे विद्वान. फ्रान्सिस यांच्याहून दहा वर्षांनीं वडील. दोघे परस्परांस पत्रांतून भाऊ म्हणत. या मैत्रीविषयीं थोडें पुढें सांगावयाचें आहे.

८ डिसेंबर १६०२ रोजीं फ्रान्सिस यांस जिनीव्हाचे महागुरुस्वामी म्हणून अभिषेक झाला. जिनीव्हा शहर कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या हातीं असल्यामुळें त्या शहराच्या बिशपास त्या शहरांत राहतां येत नसे. गादी जवळच्या आन्सी या गांवीं होती. येथून पुढें वीस वर्षें हा मनुष्य एका डोंगराळ धर्मप्रांताचा कारभार, खेड्यापाड्यांच्या भेटी, पापनिवेदन ऐकणें आणि मुलांस प्रश्नोत्तरी शिकविणें यांत बुडालेला होता. लेखनास स्वतंत्र वेळ असा त्यांस कधीं मिळालाच नाहीं. आम्ही धर्मगुरु कामाची सबब सांगून लेखणी खालीं ठेवतों तेव्हां हें आठवावें.

१६०४ सालीं उपवासकाळाच्या प्रवचनांसाठीं ते दिजों शहरीं गेले. तेथें त्यांची बॅरनेस जेन फ्रान्सिस द शांताल या तरुण विधवेशीं ओळख झाली. या बाई पुढें त्यांच्या साहाय्यानें एका नव्या मंडळाच्या संस्थापिका व स्वतः संत झाल्या. त्यांचे बंधु आंद्रे फ्रेमियो यांस बूर्ज शहराचें आर्चबिशपपद मिळालें होतें. पण या तरुण महागुरुस्वामींस प्रवचन करण्याची धास्ती वाटे. आपली विद्या अपुरी आहे असें त्यांचें म्हणणें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत फ्रान्सिस यांनीं त्यांस एक लांब पत्र लिहिलें, आणि आमच्या मतें बोलूं वा लिहूं इच्छिणाऱ्या कोणाही ख्रिस्ती माणसास इतकें उपयोगी असें दुसरें लिखाण क्वचित् सांपडेल. त्याचा सारांश असा. असामान्य विद्वत्ता नसली तरी चालते. आहे त्याहून अधिक असल्याचा आव आणला नाहीं म्हणजे असलेली विद्या पुरते. करतां करतांच येतें. चांगलें येईपर्यंत थांबलें तर कधींच येत नाहीं. लांब लांब वाक्यें व शोभेचे हावभाव टाळावे. ऐकणाऱ्यास कांहीं कळावें आणि त्याचें मन हलावें, याहून दुसरा हेतु मनांत धरूं नये. आणि बोलणाऱ्याच्या अंतःकरणांत आधीं ऊब असावी, कारण जीभ कानांपर्यंतच पोंचते, अंतःकरणापर्यंत अंतःकरणच पोंचतें. न्यूमन यांस १८७९ मध्यें कार्डिनलपद मिळालें तेव्हां त्यांनीं आपलें ब्रीदवाक्य याच विचारावरून घेतलें.

पण पत्रानें एक माणूस तयार होतो. पुष्कळ माणसें तयार करावयाचीं तर त्यांस एकत्र बसवावें लागतें. १६०६-०७ च्या हिवाळ्यांत फ्रान्सिस आणि आंतुआन फाव्र या दोघा मित्रांनीं आन्सी गांवीं एक विद्वत्सभा स्थापन केली. फाव्र तेव्हां आन्सीच्या न्यायमंडळाचे अध्यक्ष होते, आणि सभा त्यांच्याच घरीं भरूं लागली. तिचें नांव फ्लोरिमोंतान, म्हणजे डोंगरांतील फुलांची. चिन्ह म्हणून त्यांनीं नारिंगाचें झाड घेतलें, कारण त्या झाडावर फुलें आणि फळें एकाच वेळीं दिसतात. कल्पना गोड आहे, आणि तींत अर्थही आहे: शब्दांचें सौंदर्य व त्याचा उपयोग यांची फारकत होऊं नये.

या सभेचे नियम आज उपलब्ध आहेत, व ते वाचतांना चारशें वर्षांचें अंतर जाणवत नाहीं. सभासद सद्वर्तनी व शिकलेले असावे. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, वक्तृत्व, गणित, भूमिति, भूगोल असे विषय ओळीनें शिकवावे, आणि भाषेच्या सौंदर्याकडे, विशेषतः फ्रेंच भाषेकडे, लक्ष द्यावें. बोलण्यावाचण्याची शैली भारदस्त व निर्मळ असावी. तींत पंडिती दिमाख मुळींच नसावा. सभासदांनीं परस्परांवर भावासारखें प्रेम करावें. आणि आम्हांस सर्वांत आवडलेला नियम हा, कीं खुल्या बैठकींस चित्रकार, मूर्तिकार, सुतार, शिल्पी अशा प्रामाणिक कलांच्या उस्तादांसही येऊं द्यावें. त्या काळीं विद्वानांच्या मेळाव्यांत सुताराला जागा देणें ही लहान गोष्ट नव्हे. भाषा कोणाच्या मुखीं घडते हें बिशपमहाराजांस चांगलें ठाऊक होतें. सुताराजवळ रंध्याचा व किकऱ्याचा जो शब्द असतो तो शास्त्र्याजवळ नसतो.

सभा फार वर्षें टिकली नाहीं. १६१० सालीं फाव्र यांची शांबेरी येथील सेनेटच्या अध्यक्षपदावर नेमणूक झाली, ते आन्सी सोडून गेले, आणि घराबरोबर सभाही मिटली. दोन माणसांच्या खांद्यांवर उभी राहिलेली संस्था एकानें खांदा काढतांच खालीं येते. आपल्याकडील किती वाचनालयें व मंडळें अशींच गेलीं याची मोजदाद आम्ही येथें करीत बसत नाहीं. तथापि तें बीं वायां गेलें नाहीं. फाव्र यांचे एक चिरंजीव क्लोद, जे पुढें व्होजला या नांवानें प्रसिद्ध झाले, ते त्या दिवसांत एकवीस-बावीस वर्षांचे होते. १६३५ सालीं पॅरिस येथें फ्रेंच अकादमीची रीतसर स्थापना झाली, तिच्या पहिल्या सभासदांत ते होते, आणि त्या अकादमीच्या कोशाचें काम आरंभीं त्यांच्याकडेच सोंपविण्यांत आलें. आन्सीची सभाही १८५१ सालीं त्याच नांवानें पुन्हां उभी राहिली.

आतां फ्रान्सिस स्वतः ग्रंथकार कसे झाले तें पाहूं. त्यांच्या एका आप्ताची पत्नी, मादाम शार्मोआझी नांवाची, १६०७ सालीं त्यांच्याकडे आत्मिक मार्गदर्शन मागूं लागली. घरसंसार, पाहुणे, दरबार, कोर्टकचेऱ्या यांत वावरणाऱ्या बाईनें देवाची भक्ति कशी करावी, हा तिचा प्रश्न. फ्रान्सिस तिला प्रसंगाप्रसंगानें लहान लहान टिपणें लिहून देत. पुस्तक करण्याचा विचार त्यांच्या स्वप्नींही नव्हता. पुढें बाई एका दाव्याच्या कामानें शांबेरीस गेल्या, तेथें त्यांनीं तीं टिपणें जेजुइट विद्यालयाचे प्रमुख फादर फुरिए यांस दाखविलीं. फादर फुरिए यांनीं तीं वाचलीं, त्यांचें मोल ओळखलें, आणि हीं छापलींच पाहिजेत असा बिशपांकडे लकडा लाविला. तेव्हां कुठें फ्रान्सिस यांनीं टिपणें गोळा करून त्यांस ग्रंथाचें रूप दिलें, व १६०९ सालच्या आरंभीं ल्यों शहरीं भक्तिजीवनाची प्रस्तावना हें पुस्तक बाहेर पडलें. त्यांत बाईचें नांव नाहीं. तिच्या जागीं देवावर प्रीति करणारी अशा अर्थाचें फिलोथिया हें नांव आहे, म्हणजे जो वाचील त्याला तें आपणांसच लिहिलें आहे असें वाटावें.

या साऱ्या प्रकरणांत फादर फुरिए यांचें नांव कोणी घेत नाहीं. त्यांनीं एक पानही लिहिलें नाहीं. परंतु एका बाईनें प्रश्न विचारला नसता आणि एका पाद्र्यानें पेटींतले कागद बाहेर काढविले नसते, तर ख्रिस्तसभा आज या ग्रंथास मुकली असती. फ्रान्सिस यांनीं पुढें दुसऱ्यांसाठीं जें केलें तें कोणींतरी आधीं त्यांच्यासाठीं केलेलें होतें.

पुस्तक लोकांनीं उचलून धरलें. भक्ति ही मठांतच साधते, सैनिकाला, कारागिराला, गृहिणीला ती नाहीं, हा समज त्यांत इतक्या गोडीनें खोडून काढला आहे कीं वाचकास वाद झाल्याचें कळतही नाहीं. मधमाशा, फुलें, औषधी, मुलांचे खेळ अशा दृष्टान्तांनीं पानें भरलीं आहेत. तरी टीका झालीच. नाचगाणें व थट्टामस्करी यांविषयीं ग्रंथकारानें सैल हात सोडला आहे, असें म्हणून एका प्रवचनकारानें भर देवळांत तें पुस्तक फाडून जाळलें, अशी हकीकत सांगतात. फ्रान्सिस यांनीं त्यास प्रत्युत्तर दिलें नाहीं. मात्र ते आपलें पुस्तक स्वतः वारंवार तपाशीत राहिले. त्यांच्या हातची शेवटची सुधारलेली आवृत्ति १६१९ सालची आहे, म्हणजे दहा वर्षें ते त्या मजकुरावरून हात फिरवीत होते. निंदकाला उत्तर नाहीं आणि मजकुराला विश्रांति नाहीं, ही त्यांची रीत.

दुसरा मोठा ग्रंथ, ईश्वरप्रेमावरील प्रबंध, १६१६ सालीं ल्यों येथेंच निघाला. त्याच १६१६ सालीं इकडे गोमंतकांत, साष्टीच्या राशोल गांवीं, फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून झालें. एकमेकांस कधीं न भेटलेल्या या दोघा धर्मगुरूंनीं लॅटिन बाजूस ठेवून लोकांच्या भाषेंत लिहिलें. आणि स्टीफन्स यांची तर ती जन्मभाषाही नव्हती. हा योगायोग आपल्या लोकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, पण त्याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावी. स्टीफन्स १६१९ सालीं निवर्तले. त्यांच्या मागून दोघातिघां पाद्र्यांनीं मराठी पुराणें रचून तो धागा कांहीं काळ चालविला. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें तेथील देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि आधींच विरत चाललेला तो धागा तुटला. फ्रान्सच्या बाजूस फ्रान्सिस यांच्यामागें वाचणारे, लिहिणारे व छापणारे यांची ओळ उभी राहिली.

त्या ओळींतील सर्वांत गमतीचा माणूस म्हणजे जां-पिएर काम्यू. आन्सीच्या शेजारच्या बेले धर्मप्रांताचे हे बिशप. पंचवीस वर्षें पुरीं होण्याआधींच त्यांस ही पदवी मिळाली, व ३० ऑगस्ट १६०९ रोजीं फ्रान्सिस यांच्याच हस्तें त्यांचा अभिषेक झाला. बुद्धि तीव्र, वाणी ओघवती, कल्पना अनावर. प्रवचनांत उपमांचा असा पाऊस पडे कीं मूळ विषय भिजून चिंब होई. गुरूवर त्यांची इतकी भक्ति कीं, फ्रान्सिस आपल्या घरीं पाहुणे आले असतां एकांतांत कसे वागतात हें पाहण्यासाठीं त्यांनीं दाराला भोक पाडून डोकावून पाहिलें. एकांतांतही ते तसेच शांत व नीटनेटके बसलेले दिसले, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे.

पुढें काम्यू यांच्या मनानें घेतलें कीं आपणही गुरूसारखेंच बोलावें. फ्रान्सिस यांचें बोलणें संथ व जड. झालें, हे चपळ गृहस्थ मंद पावलांनीं चालूं लागले, शब्द मोजून उच्चारूं लागले, हातवारे आवरूं लागले; आणि प्रवचन अगदींच बेचव झालें. फ्रान्सिस यांच्या कानीं हें गेलें. त्यांनीं एके दिवशीं हसत हसत काम्यूंस सांगितलें कीं, बेलेच्या बिशपांनीं हल्लीं जिनीव्हाच्या बिशपांची नक्कल आरंभिली आहे असें ऐकतों. आमचा दोष हा कीं आम्ही सावकाश चालतों, तुमचा हा कीं तुम्ही धांवतां, आणि अदलाबदल होऊं शकती तर आम्हींच तुमच्याकडून थोडा वेग घेतला असता. पण देवानें घडविलेली चांगली मूळ मूर्ति मोडून तिच्या जागीं वाईट प्रतिकृति कशाला उभी करतां? काम्यू आपल्या चालीवर परत आले. शिष्यानें आपल्यासारखें व्हावें ही इच्छा बहुतेक गुरूंना असते. आणि ती न धरणारा गुरु लेखकाला भेटला तरच त्याचा आवाज त्याच्यापाशीं राहतो.

एका विद्वान मठवासी पाद्र्यानें आपल्या योजलेल्या मोठ्या धर्मशास्त्रग्रंथाविषयीं फ्रान्सिस यांचा अभिप्राय मागितला होता. त्यांस त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें कीं, शाळेंत शोभणारे पारिभाषिक शब्द व निरुपयोगी प्रश्न जमेल तितके गाळावे, आणि लिखाण असें करावें कीं वाचकाच्या बुद्धीबरोबर भावनेसही कांहीं मिळेल. ज्याला जें हवें तें त्याला सांगावयाचें: एकाला रस कमी पडत होता, दुसऱ्याला रस आवरत नव्हता.

त्या काळीं फ्रान्सांत शृंगारिक व अद्भुत कादंबऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. नुसती बंदी घालून तरुण वाचक थांबत नाहीं हें फ्रान्सिस जाणून होते. काम्यू सांगतात कीं, अशा कथांच्या जागीं सद्गुणाकडे नेणाऱ्या कथा लिहाव्या, ही सूचना त्यांस फ्रान्सिस यांनींच केली. गोष्टी रचण्याची जी हौस प्रवचनांत अडचण होत होती, तिला गुरूनें तिचें खरें शेत दाखविलें. काम्यूंनीं मग एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांच्या सर्व पुस्तकांची संख्या दोनशेंच्या आसपास जाते. खरें सांगावयाचें तर त्यांत घाई फार व पाल्हाळ त्याहून फार. आज त्या कोणी वाचीत नाहीं. परंतु १६३९ ते १६४१ या काळांत त्यांनीं आपल्या गुरूच्या आठवणींचे जे सहा भाग प्रसिद्ध केले, ते आजही वाचले जातात. त्यांतही लेखकाची कल्पना मधून मधून मोकाट सुटते असें संशोधक म्हणतात. तरी वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं कित्येक आपल्याला ठाऊक आहेत त्या या भाबड्या शिष्यामुळेंच.

फ्रान्सिस यांचें देहावसान २८ डिसेंबर १६२२ रोजीं ल्यों येथें, धर्मभगिनींच्या मठाच्या माळ्याच्या घरांत झालें. १६६५ सालीं त्यांस संतपद मिळालें, १८७७ सालीं परमगुरुस्वामी नववे पायस यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी दिली, आणि मृत्यूस तीनशें वर्षें झालीं त्या निमित्तानें २६ जानेवारी १९२३ रोजीं परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं आपल्या परिपत्रांत त्यांस लेखकांचे आश्रयदाते नेमिलें. सत्य जोरानें मांडावें, पण विरुद्ध पक्षाशीं सौम्यता सोडूं नये, हा धडा कॅथलिक लेखकांनीं त्यांच्याकडून घ्यावा असें त्या परिपत्रांत सांगितलें आहे. त्यांचा सण आतां २४ जानेवारीस येतो, आणि संपर्कमाध्यमांच्या जागतिक दिनासाठींचा परमगुरुस्वामींचा संदेश दरसाल त्याच दिवशीं प्रसिद्ध होतो.

महाराष्ट्राचाही त्यांच्याशीं एक जुना संबंध आहे. आन्सीच्या धर्मप्रांतांत १८३८ सालीं फादर पिएर मेर्मिए यांनीं त्यांच्या नांवानें धर्मप्रसारकांचें मंडळ काढलें. त्या मंडळाचे पाद्री १८४५ सालीं हिंदुस्थानाकडे निघाले, आणि १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला तेव्हां तो याच मंडळाकडे होता. नागपूरचें मुख्य देऊळ संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच नांवाचें आहे.

आतां एकच गोष्ट सांगावयाची राहिली. ६ जून १६१० रोजीं फ्रान्सिस व जेन द शांताल यांनीं आन्सी येथें व्हिजिटेशन नांवाचें धर्मभगिनींचें मंडळ स्थापन केलें. फ्रान्सिस वेळ मिळेल तेव्हां मठांत येत, भगिनींमध्यें बसत, आणि त्या विचारतील त्या प्रश्नांवर साध्या शब्दांत बोलत. यांतलें त्यांनीं स्वतः कांहीं लिहून ठेविलें नाहीं. परंतु ते निघून गेल्यावर भगिनी एकत्र बसत, कोणाला काय आठवतें तें एकमेकींस विचारीत, आणि सारें कागदावर उतरवीत. त्यांपैकीं कोणीही लेखिका म्हणून मठांत आली नव्हती. फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर ही टिपणें हातोहात फिरूं लागलीं, आणि १६२८ सालीं कोणींतरी परवानगीवांचून त्यांची एक अशुद्ध आवृत्ति छापून टाकली. मदर शांताल यांस याचें फार दुःख झालें. त्यांनीं मूळ टिपणें मागवून तीं नीट तपासून घेतलीं, व १६२९ सालीं खरीं संभाषणें म्हणून शुद्ध पुस्तक बाहेर काढलें. तें पुस्तक फ्रान्सिस यांच्या ग्रंथांत गणलें जातें. लिहून ठेवणाऱ्या भगिनींचीं नांवें त्याच्या मुखपृष्ठावर नाहींत.